चष्मा घालवण्याआधी : चित्रकार-मूर्तिकारांनी लेझर ऑपरेशनचा निर्णय कोणत्या क्रमाने घ्यावा

गणेशोत्सव उरकला, दिवाळी झाली, की कोकणातल्या गणपतीच्या शाळांमधून, म्हणजे मूर्ती घडवण्याच्या कारखान्यांमधून, एक चौकशी हमखास सुरू होते : "डोळ्यांचं लेझर चांगलं कुठे करतात? खर्च किती येतो?" पुढचा क्रमही ठरलेला. आधी खर्च, मग तारीख, मग तपासणी. स्वतःच्या कामाचा विचार सगळ्यात शेवटी, ऑपरेशननंतर पहिल्यांदा ब्रश हातात घेतल्यावर. तेव्हा कळतं की समोरचा डोंगर झाडाझुडपांसकट लख्ख दिसतोय, पण मूर्तीच्या पापणीची रेघ काही केल्या स्वच्छ दिसत नाही. यात डॉक्टरांची चूक असेलच असं नाही. त्यांनी सहा मीटरवरचा तक्ता वाचायला लावला, तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत वाचलात. तुमची पोटापाण्याची रेघ तीस सेंटिमीटरवर ओढली जाते, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून क्रम उलटा करायचा. कामाचं अंतर आधी, तपासणी मधे, तारीख आणि पैसा शेवटी. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. मधला एखादा गाळून पुढे गेलात, तर बहुतेक वेळा परत मागे यावं लागतं. वैद्यकीय शब्द शेवटी नेत्रतज्ज्ञाचाच. पण त्यांना योग्य प्रश्न विचारण्याची तयारी आपण करून जायची असते.

टप्पा १ : टेप घेऊन कामाची अंतरं मोजा

शिंप्याकडे असते तशी कापडी टेप पुरे. रोजच्या जागी, रोजच्या उजेडात, रोजच्या पाटावर बसून काम सुरू करा आणि डोळ्यापासून ब्रशच्या टोकापर्यंतचं अंतर दुसऱ्या कुणाला तरी मोजायला सांगा. तेही तुमच्या नकळत झालं तर उत्तम. मोजमाप चाललंय हे कळलं की माणूस ताठ बसतो आणि अंतर वाढतं. एकदा सकाळी मोजा, एकदा संध्याकाळी मान दुखायला लागल्यावर.

चार अंतरं हवीत : सगळ्यात बारीक काम, नेहमीचं काम, समोरचा नमुना किंवा रंगांची ताटली, आणि मागे सरून बघण्याचं अंतर. सावंतवाडीच्या गंजिफाच्या (हाताने रंगवलेल्या पत्त्यांच्या) पानावर किंवा गणपतीच्या डोळ्यांच्या आखणीत बारीक काम साधारण २० ते ३० सेंटिमीटरवर येतं. कागदावर चित्रकथी रंगवताना ३५ ते ४०, ईझलवर ६० ते ७५. देवळाची किंवा शाळेची भिंत रंगवणारा हातभर अंतरावर काम करतो आणि चार-पाच मीटर मागे येऊन बघतो. मोबाईलवर फोटो ठेवून कॅनव्हासवर काम करणाऱ्यांनी दोन्ही अंतरं लिहावीत, कारण नजर एकावरून दुसऱ्यावर नेतानाच बहुतेकांना त्रास होतो.

प्रत्येक अंतरापुढे आणखी एक रकाना ठेवा : चष्मा डोळ्यांवर की कपाळावर? हा रकाना घरच्यांकडून भरून घ्या. चाळिशीच्या आसपासचे, उणे नंबरचे कितीतरी कलाकार बारीक कामाला चष्मा वर सरकवतात आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ताही नसतो.

आता हिशेब. १०० ला आपल्या उणे नंबरने भागा. येईल तेवढ्या सेंटिमीटरवर तुम्हाला चष्म्याशिवाय, डोळ्यांना जोर न लावता, स्वच्छ दिसतं. नंबर उणे अडीच असेल तर ४० सेंटिमीटर. उणे ४ ला २५. उणे ६ ला जेमतेम १७. सिलिंडरचा नंबर मोठा असेल तर हा हिशेब ढिला पडतो, कारण तिथे रेघ एका दिशेला पसरलेलीच दिसते, अंतर कोणतंही असो.

उणे ४ नंबरचा पन्नाशीतला मूर्तिकार चष्मा काढून २५ सेंटिमीटरवर बुबुळाची कड आखू शकतो. त्याच वयाच्या, कधीच नंबर नसलेल्या माणसाला त्यासाठी चाळिशी लावावी लागते. लेझरने उणे नंबर घालवला की पहिला माणूस दुसऱ्याच्या रांगेत जाऊन बसतो. तिशीत याने काही बिघडत नाही, डोळ्याच्या आतलं नैसर्गिक भिंग तेवढा जोर सहज लावतं. चाळिशीनंतर ते भिंग ताठर होत जातं, आणि लेझर त्याला हातही लावत नाही. लेझरचं सगळं काम डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, कॉर्नियावर चालतं.

आणखी एक गोष्ट, जी सहसा कुणी सांगत नाही. उणे नंबरचा चष्मा लावून जवळचं बघताना डोळ्यांना जो जोर लावावा लागतो, तो नंबर नसलेल्या डोळ्यांपेक्षा थोडा कमी असतो. नंबर जितका मोठा तितका हा फरक जास्त. त्यामुळे बेचाळिशीत ज्याला चष्म्यातून जवळचं अजून "चालतंय" असं वाटतं, त्याला लेझरनंतर एका रात्रीत चाळिशी लागल्यासारखं होतं. वय तेच असतं. चष्म्याची सवलत गेलेली असते.

माझं मत विचाराल तर : वय बेचाळीसच्या पुढे, नंबर उणे २ ते उणे ४ आणि पोट बारीक रेघेवर, अशा माणसाने लेझरच्या वाटेला जाऊ नये. वय २५ ते ३५, नंबर थांबलेला, काम ईझलवर किंवा भिंतीवर, त्याने पुढचे टप्पे जरूर तपासावेत. मधल्यांची खरी पंचाईत. टप्पा ३ मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. अधिक (प्लस) नंबरवाल्यांचं गणित निराळं. त्यांना जवळचंच जास्त छळतं, म्हणून फायदाही जवळच्या कामाला होतो. पण अधिक नंबर लेझरने उणे नंबरइतक्या भरवशाने जात नाही आणि थोडाफार परत येण्याची शक्यताही जास्त असते.

तपासा : तुमचं सगळ्यात बारीक काम आज चष्मा काढून होतं का? उत्तर "हो" असेल, तर तुम्ही कामाचं एक हत्यार विकायला निघाला आहात. किंमत ठरवूनच विका.

टप्पा २ : नंबर थांबलाय का बघा

चष्म्याच्या दुकानातली जुनी कार्डं शोधून काढा, निदान गेल्या दोन वर्षांची. वर्षभरात नंबर ०.५ पेक्षा जास्त हललेला नसावा. वयाची किमान अट साधारण १८ धरत असले तरी कला महाविद्यालयात शिकणाऱ्या पोरांचा नंबर बऱ्याचदा बाविशी-तेविशीपर्यंत सरकत असतो. डिप्लोमा संपायच्या आत घाई करण्यात अर्थ नाही.

गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना नंबर हलतो, तेव्हा मोजमापही नको. साखर आटोक्यात नसेल तर तीच गोष्ट. संधिवातासारखे आजार, मुरुमांसाठी घेतलेल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, नागीण डोळ्यात होऊन गेलेली असणं, हे सगळं डॉक्टरांनी विचारण्याची वाट न बघता सांगायचं.

थांबा : सिलिंडरचा नंबर दर वर्षी वाढतोय, डोळ्यांना सतत खाज येते आणि तुम्ही ते चोळता, किंवा घरात कुणाला केराटोकोनस आहे, यातलं काहीही असेल तर तारीख विसरा आणि आधी कॉर्नियाची नीट तपासणी करून घ्या. केराटोकोनसमध्ये कॉर्निया पातळ होत पुढे टोकदार होतो. अशा डोळ्यावर लेझर केलं तर नंबर जाण्याऐवजी नजर बिघडत जाते.

टप्पा ३ : लेन्स लावून रंगीत तालीम

लेझरनंतर जवळचं कसं दिसेल हे आधी बघण्याचा एक साधा मार्ग आहे आणि फार थोडे लोक तो वापरतात. नेत्रतज्ज्ञाकडून लांबच्या पूर्ण नंबरच्या मऊ कॉन्टॅक्ट लेन्स घ्या, रोज टाकून द्यायच्या मिळाल्या तर बऱ्या, आणि निदान दोन आठवडे त्या लावून खरं काम करा. खरं म्हणजे ज्याचे पैसे घेतले आहेत असं. वहीत रेघोट्या ओढून काही कळत नाही.

काय बघायचं : दिवसाच्या उजेडात झिरो नंबरच्या ब्रशची रेघ कशी येते. तीच रेघ संध्याकाळी ट्यूबलाइटखाली कशी येते. पाचव्या तासाला डोकं धरतं का. नमुन्यावरून कामावर नजर आली की स्वच्छ दिसायला किती वेळ जातो. चाळिशी ओलांडलेल्यांनी लेन्सवर वाचायचा चष्मा लावून बघावा, आणि तो आपल्या अंतरासाठी बनवलेला असावा. ३० सेंटिमीटरचा चष्मा ईझलला निरुपयोगी असतो.

याच काळात मोनोव्हिजनही तपासता येतं. यात एक डोळा लांबच्यासाठी आणि दुसरा जवळच्यासाठी ठेवतात, म्हणजे चाळिशी टळते. ऐकायला सोयीचं आहे. पण दोन डोळे मिळून जी खोली दाखवतात ती यात कमी होते. सपाट कागदावर काम करणाऱ्याला ते चालून जाईल. मूर्तीच्या गोल गालावर ब्रशचं टोक नेमकं कुठे टेकतंय हे ज्याला बघायचं आहे, त्याने आधी लेन्सवर महिनाभर तरी जगून पाहावं. मूर्तिकारांना मी तरी मोनोव्हिजन सुचवणार नाही.

थांबा : पीओपी घासताना, स्प्रे मारताना, टर्पेंटाइन किंवा लाखेच्या कामाजवळ लेन्स लावू नका. लेन्स लावून झोपायचं नाही. लेन्स आणि नळाचं किंवा विहिरीचं पाणी यांची गाठ पडू द्यायची नाही. त्या पाण्यातल्या जंतूंनी कॉर्नियाला होणारा संसर्ग महिनोन्‌महिने पिडतो.

लेन्स दोन-तीन तासही सहन होत नसतील, डोळे कोरडे पडून खुपत असतील, तर तीही माहितीच आहे. टप्पा ५ मध्ये ती उपयोगी पडेल.

तालमीच्या काळातच स्वतःचा एक तक्ता बनवून ठेवा. दवाखान्यातला तक्ता पांढऱ्यावर काळ्या अक्षरांचा, म्हणजे सगळ्यात सोपा. आपलं काम गेरूवर शेंदरी, करड्याशेजारी जरा कमी करडा असं चालतं. एका जाड कागदावर झिरो ब्रशने जवळजवळ समांतर रेघा काढा, शेजारी एकमेकांच्या अगदी जवळच्या छटांचे आठ-दहा चौकोन रंगवा, आणि एका काळ्या पट्टीवर पांढरे बारीक ठिपके द्या. कोणत्या दिव्याखाली, किती अंतरावरून, चष्म्याने की लेन्सने काय दिसलं ते मागे तारखेसह लिहा. हा कागद ऑपरेशननंतर पुन्हा लागणार आहे.

टप्पा ४ : लेन्स बंद, मग तपासणी

सगळ्यात जास्त फेऱ्या इथे फुकट जातात. लेन्समुळे कॉर्नियाचा आकार तात्पुरता दबतो, आणि दबलेल्या आकारावर घेतलेलं माप चुकतं. मऊ लेन्स असतील तर एक ते दोन आठवडे, कडक लेन्स असतील तर तीन-चार आठवडे किंवा त्याहूनही जास्त दिवस त्या बंद ठेवून मगच मापं द्यायची. नेमके दिवस तपासणी करणाऱ्या केंद्राला फोनवरच विचारा.

सावंतवाडी-वेंगुर्ल्याची माणसं गोव्याला जातात, रत्नागिरीची आंबा घाट चढून कोल्हापूरला, चिपळूणची कुंभार्ली घाटाने कराड-पुण्याकडे, पेण-अलिबागची मुंबईला. तपासणीत बाहुली मोठी करायचे थेंब घालतात आणि पुढचे काही तास जवळचं दिसत नाही, उजेड सहन होत नाही. सोबतीला माणूस न्या. थेंब घातलेल्या डोळ्यांनी बाइक घेऊन घाट उतरायचा नाही.

थांबा : "सकाळी तपासणी, दुपारी ऑपरेशन" असं पॅकेज परगावच्या माणसाला सोयीचं वाटतं. ते घेऊ नका. दोन्हींच्या मधे निदान एक रात्र आणि शक्यतो काही दिवस हवेत, म्हणजे कागद घरी आणून विचार करता येतो.

टप्पा ५ : तपासणीत हे झालंच पाहिजे

दारातून आत गेल्यावर पहिलं वाक्य कामाचं : "माझं बारीक काम २८ सेंटिमीटरवर चालतं, रोज पाच-सहा तास, आणि आत्ता ते मी चष्मा काढून करतो." टेपची मापं पुढे ठेवा. चांगला डॉक्टर इथेच पाच मिनिटं जास्त देतो. जो हे ऐकूनही फक्त "सहा बाय सहा करून देऊ", म्हणजे लांबचा तक्ता पूर्ण वाचता येईल, एवढंच म्हणतो, त्याच्याकडून दुसरं मत घ्यायला निघा.

कॉर्नियाचा नकाशा. पुढचा आणि मागचा, दोन्ही पृष्ठभाग दाखवणारा. केराटोकोनसची लपलेली सुरुवात इथेच सापडते.

कॉर्नियाची जाडी. मधोमध ती सरासरी ५४० मायक्रॉनच्या, म्हणजे साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. लॅसिक या लेझरच्या पद्धतीत (तिची माहिती टप्पा ६ मध्ये आहे) वरचा पापुद्रा साधारण १०० ते ११० मायक्रॉनचा जातो आणि प्रत्येक नंबरमागे अंदाजे १२ ते १५ मायक्रॉन खरवडले जातात. नंबर उणे ६ असेल तर ७२ ते ९०. म्हणजे ५४० मधून ११० आणि ९० वजा करून खाली ३४० उरले. २५० च्या खाली कुणीच जात नाही, बरेच डॉक्टर ३०० ची मर्यादा पाळतात. ही वजाबाकी तुमच्या आकड्यांनी त्यांच्यासमोरच करा. काठावर येत असेल तर पुढे कधी दुरुस्तीसाठी दुसऱ्यांदा लेझर करायला जागा उरणार नाही, हेही त्यातच कळतं.

अंधारात बाहुली किती मोठी होते. नंबर मोठा आणि बाहुलीही मोठी असेल तर लेझरने घडवलेल्या भागाच्या कडेवरून प्रकाश आत येतो आणि दिव्यांभोवती कडी दिसतात. दशावताराच्या रंगमंचाचं नेपथ्य आणि प्रकाश बघणाऱ्यांनी, रात्री काम करणाऱ्यांनी हा आकडा विचारून लिहून घ्यावा.

अश्रूंची तपासणी. पापणीत कागदाची पट्टी ठेवून अश्रू मोजतात, आणि अश्रूंचा थर किती सेकंदांत फुटतो ते बघतात. एकटक बघत आखणी करणारा माणूस पापणी कमी लववतो, त्यामुळे आपल्या धंद्यात कोरडेपणा मुळातच जास्त छळतो. लेझरनंतर तो आणखी वाढतो. आधीच कोरडे असतील तर आधी उपचार, मग पुन्हा तपासणी.

डोळ्याच्या मागचा पडदा, म्हणजे रेटिना. मोठ्या उणे नंबरमध्ये पडदा कडेला पातळ असू शकतो. लेझरने नंबर गेला तरी ती जोखीम जात नाही. पंचेचाळीशीच्या पुढे असाल तर मोतीबिंदूची सुरुवात आहे का हेही स्पष्ट विचारा. सुरुवात झालेली असेल तर कॉर्नियावर खर्च करणं व्यर्थ.

रंगाबद्दलची भीती इथे काढून टाकू. रंग ओळखण्याचं काम पडद्यावरच्या पेशींचं. लेझर तिथे पोचतच नाही. ऑपरेशननंतर रंग उजळ दिसतात असं पुष्कळ लोक सांगतात, त्यातला बराच भाग चष्म्यावरचा पिवळसर थर नाहीसा झाल्याचा असतो. बिघडू शकतो तो उठाव : जवळच्या छटांमधला फरक, विशेषतः मंद उजेडात. म्हणून कॉन्ट्रास्टची तपासणी मागून घ्या. ती सगळीकडे आपणहून करत नाहीत.

टप्पा ६ : पद्धत निवडताना

लॅसिकमध्ये कॉर्नियाचा वरचा पातळ पापुद्रा कापून उलटतात, खाली लेझर करतात आणि पापुद्रा परत बसवतात. शहाळं फोडताना झाकण एका कडेला जोडलेलं ठेवावं, तसा तो एका बाजूला जोडलेलाच असतो. दुसऱ्या दिवशी बरंचसं स्वच्छ दिसतं, हे याचं बलस्थान. पण पापुद्रा पूर्वीइतका घट्ट कधीच होत नाही. वर्षांनंतरही डोळ्याला जोराचा मार बसला तर सरकू शकतो. काजूच्या बागेत वावरणाऱ्याने, कबड्डी खेळणाऱ्याने याचा विचार करावा.

पीआरकेमध्ये पापुद्रा नाही. वरची नाजूक त्वचा काढून थेट लेझर करतात. पहिले तीन-चार दिवस डोळे चांगलेच दुखतात, संरक्षक लेन्स लावून ठेवावी लागते, आणि नजर आठवडे घेत सुधारते. पातळ कॉर्नियाला आणि मार लागण्याचा धोका असणाऱ्यांना ही बरी. मात्र यात कॉर्नियावर धूसरपणा धरण्याची शक्यता असते आणि कडक ऊन ती वाढवतं. किनाऱ्यावर बसून निसर्गचित्रं करणाऱ्याला पाणी आणि वाळू दोन्हीवरून उलटलेलं ऊन सोसावं लागतं; त्याने पुढचे काही महिने चांगला गॉगल आणि टोपी सोडायची नाही. गॉगल लावून रंग नीट दिसत नाहीत ही तक्रार खरी आहे. तेवढे महिने बाहेर स्केच करा, रंग घरात भरा.

स्माईलमध्ये दोन-चार मिलिमीटरच्या फटीतून आतला पातळ तुकडा काढून घेतात. कोरडेपणा पहिल्या काही महिन्यांत लॅसिकपेक्षा कमी जाणवतो, पापुद्र्याची भीती नाही, खर्च जास्त. अधिक (प्लस) नंबरला ती सहसा वापरत नाहीत.

नंबर फार मोठा किंवा कॉर्निया फार पातळ असेल तर आयसीएल, म्हणजे डोळ्याच्या आत बसवायची लेन्स, हा पर्याय डॉक्टर सुचवतील. कॉर्निया खरवडला जात नाही आणि गरज पडली तर लेन्स काढता येते. पण हे डोळ्याच्या आतलं ऑपरेशन आहे आणि रात्रीची कडी इथेही दिसू शकतात.

आकडे हवे असतील तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लॅसिकच्या रुग्णांवर केलेले प्राऊल नावाचे अभ्यास आहेत, २०१७ मध्ये छापून आलेले. ऑपरेशनआधी ज्यांना दिव्यांभोवती कडी, चकाकी, दुहेरी प्रतिमा असं काहीच दिसत नव्हतं, त्यांच्यापैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांनी तीन महिन्यांनी असं एखादं तरी लक्षण सांगितलं. आधी कोरडेपणा नसलेल्यांपैकी २८ टक्क्यांपर्यंत लोकांना तो जाणवला. आणि या दिसण्यातल्या त्रासामुळे रोजची कामं करणं फार जड गेलं असे लोक एक टक्क्याहून कमी. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. फक्त त्या "रोजच्या कामांत" पापणीची आखणी कुणी धरलेली नाही.

टप्पा ७ : तारीख आणि पैसा

मूर्तिकारांनी दिवाळीनंतर ते पौषापर्यंतचा काळ धरावा. हवा कोरडी आणि बरी, घाम नाही, आणि शाळेत माती कालवायला अवकाश असतो. शिमग्याच्या आधी निदान दोन-तीन महिने ठेवा. गुलाल आणि ताजा डोळा एकत्र नकोत. मे महिन्यात घाम थेट डोळ्यात उतरतो. पावसाळ्यात लावणीच्या चिखलाचे शिंतोडे आणि भाताच्या पात्याची जखम यांनी डोळ्यात बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, म्हणून ज्यांचं शेत आहे त्यांनी जून-जुलै टाळलेलाच बरा. कार्तिकापासून रात्री जागवणाऱ्या दशावतारी कलावंतांना मात्र पावसाळ्याशिवाय सवड नसते. त्यांनी ऑपरेशन करावं, शेतात जाऊ नये. आंब्याची बाग असेल तर फवारणीचे दिवस वहीत आधी खुणा करून ठेवा.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने आणि तीन महिन्यांनी तपासणी असते. परगावी निदान दोन रात्रींची सोय हवी. बोलीत ठरलेल्या रकमेत या फेऱ्या, औषधं आणि नंबर थोडा उरला तर दुसऱ्यांदा लेझर, यातलं काय काय धरलं आहे ते कागदावर लिहून घ्या. आरोग्य विम्यावर विसंबू नका. साडेसातपेक्षा कमी नंबरसाठीचा खर्च विम्याच्या ठरावीक अपवादांत मोडतो.

टप्पा ८ : ऑपरेशनचा दिवस

यात फारसं काही नाही. काजळ, अत्तर, सेंट नको. केस आदल्या दिवशी धुवा. दोन्ही डोळ्यांचं काम मिनिटांत उरकतं. भूल थेंबांची असते. सोबतीला माणूस, गॉगल, आणि घाटाने परतणार असाल तर दुसऱ्या दिवशीची तपासणी झाल्यावरच निघा.

टप्पा ९ : कामावर परतताना

पहिला आठवडा डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, झोपताना झाकणं लावायची. महिनाभर डोळे चोळायचे नाहीत. विहीर, नदी, समुद्र बंद. बाइकवर साधा पारदर्शक गॉगल हवाच. पॉलिश पेपरने मूर्ती घासणं आणि स्प्रे गन महिन्यानंतर, तेही गॉगल लावून.

रंगकामाचा क्रम मोठ्याकडून बारीकाकडे. आधी पार्श्वभूमी, मोठे रंग, कपडे. दर वीस मिनिटांनी डोळे मिटून थेंब. बारीक आखणीची ऑर्डर पहिल्या महिन्यात घेऊच नका. लॅसिकवाल्यांना दुसऱ्या आठवड्यातच "सगळं दिसतंय" असं वाटतं आणि ते रात्री जागून कामाला बसतात. तिथेच कोरडेपणा भडकतो, नजर खालीवर होते आणि माणूस घाबरतो.

आपला टप्पा ३ मधला कागद एक महिन्याने आणि तीन महिन्यांनी त्याच दिव्याखाली, त्याच अंतरावरून बघा आणि जुन्या नोंदीशेजारी लिहा. "काहीतरी वेगळं दिसतंय" यापेक्षा "चौथा आणि पाचवा चौकोन संध्याकाळी वेगळे दिसत नाहीत" हे डॉक्टरांना शंभरपट उपयोगी. तीन महिन्यांच्या आत निकाल लावू नका, पीआरकेला त्याहून जास्त वेळ द्या. मुंबई-गोवा महामार्गावर समोरच्या हेडलाइटभोवती कडी दिसत असतील, तोवर रात्री गाडी दुसऱ्याला चालवू द्या.

थांबा : पहिल्या दिवसानंतर दुखणं वाढत गेलं, लाली वाढली, नजर अचानक अंधुक झाली किंवा घाण येऊ लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दिलेले स्टेरॉइडचे थेंब संपल्यावर मेडिकलमधून परस्पर आणून चालू ठेवू नका. त्याने डोळ्याचा दाब वाढतो आणि दुखत नाही म्हणून कळतही नाही.

ऑपरेशनआधीची सगळी मापं, नंबर आणि कॉर्नियाचा नकाशा प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवा, मोबाईलमध्ये फोटोही काढा. पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन होईल तेव्हा लेन्सचा नंबर काढायला हीच मापं लागतात. लेझर झालेल्या डोळ्यावर नेहमीचा हिशेब चुकतो.

"नाही" ठरलं तर

तर बऱ्याच लोकांचा त्रास एका वेगळ्या चष्म्याने सुटतो, फक्त तो कुणी करून घेत नाही. कामाचा चष्मा हा चालण्याचा चष्मा नसतो. ईझलच्या अंतराचा एक, आखणीच्या अंतराचा एक, काच साधी, निळा प्रकाश अडवणारा थर नको कारण तो रंग पिवळट करतो. प्रोग्रेसिव्ह काचेत जवळचं बघायची जागा खालच्या बाजूला असते. मान वर करून मूर्तीचं कपाळ रंगवणाऱ्याला ती काहीच कामाची नाही, आणि कडेला सरळ रेघ वाकडी दिसते ते वेगळंच.

नंबर काढायला जाताना टेपची मापं, ब्रश आणि अर्धवट रंगवलेला एखादा तुकडा बरोबर न्या. तिथल्या स्टुलावर बसा, तुकडा नेहमीच्या अंतरावर धरा आणि त्या अंतराला नंबर काढायला सांगा. तसं सांगितलं नाहीत, तर ते सवयीने पुस्तक वाचायच्या अंतराचा नंबर देतील.